घासाघीस

आइवार पहाटे तीनला राईचे पाव भट्टीत सारतो,
म्हणून माझ्याकडे येतो तो दुपारी दोनला,
डोळे लाल, बाहीवर पीठ.
दर एप्रिलला येतो, बर्फाचे टायर उतरवायला.
यंदा विचारतो,
"उर्वे, ट्रॅकसाठी काय घालू?"

मी लगेच बोलत नाही.
त्याचे गेल्या उन्हाळ्याचे चार टायर भिंतीला टेकवते,
हात फिरवते खांद्यांवरून.
पुढच्या डाव्याची बाहेरची कड
उंदराने कुरतडल्यासारखी,
आतली नवीकोरी, साच्याची रबरी लवही शाबूत.
टायर चहाडखोर असतात.
मालक म्हणतो, जपूनच चालवतो मी.
कड म्हणते, उजव्या वळणावर हा
ब्रेक उशिरा दाबतो
आणि मग स्टिअरिंग ओढतो,
जत्रेतून निघायला तयार नसलेल्या पोराचा हात ओढावा तसं.

फळीवर दोन संच आहेत.
एक मऊ. नख रुतवलं की खूण थोडा वेळ राहते.
हा वळणात तुला कुशीत घेईल.
तिसऱ्या फेरीला तापेल, सहाव्या फेरीला लोण्यासारखा होईल,
मग पार्किंगमध्ये उभा राहून निवेल.
तापणं, निवणं.
पुन्हा तापणं, निवणं.
दर वेळी आतून थोडा अधिक निबर.
"शिळ्या पावासारखा," आइवार म्हणतो.
हो. आणि हा तर शेकूनही मऊ होत नाही.

दुसरा कडक.
पहिल्या फेरीत ओळखसुद्धा देत नाही,
पुढच्या प्रत्येक फेरीत दीड-दोन सेकंद खातो.
पण आपला ट्रॅक तुला ठाऊक आहे,
डांबर झिजून खडी वर आलेली,
किसणीच ती.
तिच्यावर हा चारही रविवार काढेल,
आणि संध्याकाळी पावसातून साठ किलोमीटर
तुला पार्नूला घरी आणेल.
शिवाय हा सुटण्याआधी ओरडतो.
मऊ टायर शेवटपर्यंत गोड बोलतो
आणि एकदम हात सोडतो.

"दोन सेकंद," तो म्हणतो.
भट्टीपाशी दोन सेकंदांनी काय होतं रे?
"काही नाही."
आणि ट्रॅकवर?
तो बाहीवरचं पीठ झटकतो.
"ट्रॅकवर रेइन पुढे जातो."

रेइन त्याचा मेहुणा. दातांचा डॉक्टर.
गाडी ट्रेलरवर आणतो,
दर खेपेला नवे मऊ चार.
ते मीच विकते त्याला.
दुकानाचं छप्पर त्याच पैशांतून झालं,
हे मी आइवारला सांगत नाही.

मग पैशांची घासाघीस.
आमच्या धंद्यात सगळं घासूनच ठरतं.
तो कडक घेतो,
तोंड वाकडं करून,
लग्नात बुटांऐवजी गमबूट घातल्यासारखं.

सप्टेंबरात पुन्हा तेच चार भिंतीला.
मी डाव्या पुढच्यावरून हात फिरवते.
कड गप्प.
झीज आडवी, सारखी पसरलेली,
अजून दोन मिलिमीटर शिल्लक.
ब्रेक आता आधी दाबतोस वाटतं?
"तो ओरडायचा ना सारखा," आइवार म्हणतो,
"ऐकायची सवय लागली."

आणि रेइन?
"पुढेच होता. चारही वेळा."
थोडं थांबून,
"पण दुपारी तीनला टायर संपायचे त्याचे.
शेवटचा तास मी फिरायचो जवळजवळ एकटा,
ऊन तिरपं, आरसा रिकामा."

काउंटरवर तो कागदात गुंडाळलेला पाव ठेवतो.
काळा, विटेएवढा जड.
"कालचा आहे. अजून आठवडा जाईल."
आणि खिळ्यांच्या टायरांचा भाव विचारतो,
आणि मी सांगते,
आणि तो म्हणतो, इतके?